हे काढून टाकू ना?

फोटोवाल्यानं विचारलं ते अगदी सहज. ओळखपत्राची मुदत संपत आली होती, नवा फोटो हवा होता, आणि दुकानातली जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. म्हणून डबा आटपून तो रस्ता ओलांडून समोरच्या स्टुडिओत गेला, चष्मा काढून स्टुलावर बसला, हनुवटी जरा वर, खांदे सैल; दोनदा लख्ख उजेड पडला आणि काम झालं. फोटोवाला आतल्या खोलीत संगणकापुढे जाऊन बसला. हा बाहेर उभा राहून भिंतीवरचे परक्यांचे फोटो बघत राहिला. पदवीचा झगा घातलेली एक मुलगी, पालथं पडलेलं एक बाळ, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असलेले दोन म्हातारे. आतून आवाज आला, "साहेब, हे काढून टाकू ना?" तो म्हणाला, "टाका की." विचार न करता म्हणाला. दिवसातून पन्नासदा माणूस अशी उत्तरं देतो. पाच मिनिटांनी आठ फोटोंचं पाकीट हातात आलं, आणि परत रस्ता ओलांडून दुकानाच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता त्याच्या मनात आलं, हे म्हणजे काय?

पायरीवरच उभं राहून त्यानं पाकीट उघडलं. आठही फोटोंत त्याचाच चेहरा होता, रोज सकाळी दाढी करताना दिसतो तो. शेहेचाळीस वर्षांचा, कपाळ थोडं वर सरकलेलं, कान नेहमीचेच. काही कमी झालंय असं वाटेना. पण काढून टाकलेली गोष्ट दिसणार कशी, ती तर गेली. मग ती चेहऱ्यावर अजून आहे आणि फोटोत नाही, असं काय असेल? चष्म्याच्या नाकपट्ट्यांचे दोन खळगे असतील, त्यानं स्वतःला सांगितलं. चष्मा काढला की ते उठून दिसतातच. हे उत्तर त्याला पटलं. दोन दिवस पुरलं.

तो चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचा. वीस वर्षं झाली होती. दुकानात येणारी-जाणारी माणसं त्याला नंबरवालेच म्हणायची. "नंबरवाले आहेत का, त्यांच्याकडूनच तपासायचंय," असं सांगून लोक तासभर बसून राहायचे. चेहऱ्यांची त्याला सवय होती. कुणाचा एक कान दुसऱ्यापेक्षा खाली, कुणाचं नाक डावीकडे कललेलं, कुणाच्या दोन डोळ्यांत दोन वेगळी माणसं राहतात असं वाटावं इतका फरक. फ्रेम बसवताना हे सगळं बघावं लागतं आणि बघितल्याचं दाखवायचं नसतं. गिऱ्हाईक आरशात बघून म्हणायचं, "माझं नाकच वाकडं आहे हो," आणि तो म्हणायचा, "सरळ नाक मी अजून पाहिलं नाही." लोक हसायचे. हे वाक्य त्यानं हजारदा तरी म्हटलं असेल, आणि प्रत्येक वेळी ते खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी सुट्टीत तो परत स्टुडिओत गेला. फोटोवाला पोळीचा घास तोंडात घेऊन बसला होता. "परवा तुम्ही माझ्या फोटोतून काहीतरी काढलंत," तो म्हणाला.

"काय काढलं?"

"तेच विचारायला आलोय."

फोटोवाल्यानं घास गिळला. "साहेब, मी सगळ्यांनाच विचारतो तसं. कपाळावर केस आलेला असतो, कॉलरला दोरा असतो, कुठं सावली पडते. दिवसाला तीस चेहरे होतात. आता परवाचं काय सांगू?"

"मूळ फोटो असेल ना?"

"तो राहत नाही. छापून झालं की पुसतो." मग त्यानं मान वर करून याच्याकडे नीट बघितलं, आणि बहुतेक बरं वाटावं म्हणून म्हणाला, "छान आहे की चेहरा."

त्या 'की'नं घात केला. नुसतं 'छान आहे' म्हणाला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती, असं त्याला पुढे कित्येक महिने वाटत राहिलं. 'छान आहे' वेगळं आणि 'छान आहे की' वेगळं. ताटात वाढलेलं पोरांनी चिवडलं की आई म्हणते, चांगलं झालंय की. म्हणजे काहीतरी बिघडलेलं असतं, ते झाकून न्यायचं असतं. शिवाय बोलताना फोटोवाल्याची नजर कुठे होती? डोळ्यांवर नव्हती. जरा खाली होती, डाव्या बाजूला.

दुकानात अकरा आरसे होते. वीस वर्षांत त्यानं ते कधी मोजले नव्हते. काउंटरवर चार, फिरत्या स्टँडवर दोन, खांबाच्या चारी बाजूंना मिळून चार, आणि तपासणीच्या खोलीत एक, ज्यात उलटा लावलेला अक्षरांचा तक्ता सरळ दिसायचा. आता एका आरशापासून दुसऱ्या आरशापर्यंत जाणं हा प्रवास झाला. खांबाच्या खिडकीकडच्या आरशात काही नव्हतं. तिकडून दोन पावलांवर, दिव्याखालच्या आरशात, नाकपुडीच्या बाजूला, डाव्या गालावर काहीतरी होतं. डाग म्हणावा तर रंग नव्हता, खड्डा म्हणावा तर बोट लावून लागत नव्हता. कातडीच तेवढ्या जागी वेगळी होती, जाड, जुनी, दुसऱ्या कुणाची तरी आणून बसवल्यासारखी. ते त्याला पहिल्यांदा दिसलं ती गुरुवारची दुपार होती. आतल्या कामाच्या खोलीत फ्रेमचे बारीक स्क्रू बघायचं भिंग असतं, त्याखाली त्यानं हातातला छोटा आरसा धरला, आणि दहापट मोठा झालेला गाल बघून त्यानं आरसा पालथा ठेवला. भिंगाखाली कुणाचीही कातडी अशीच दिसते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? रेशमाचा रुमाल भिंगाखाली धरला तर गोणपाट दिसतो, असं तो दुकानात नव्यानं लागलेल्या मुलींना शिकवताना सांगायचा. ते सगळं त्याला त्या क्षणीही आठवत होतं. आठवत होतं आणि काही उपयोग होत नव्हता. बुडणाऱ्या माणसाला पोहण्याचं पुस्तक पाठ असावं आणि पाय मात्र हलू नयेत, तसं.

लहानपणी, म्हणजे आठवी-नववीत, त्याच्या तोंडावर पुटकुळ्या आल्या होत्या. सगळ्यांनाच येतात. वर्गात त्याला 'चाळण' म्हणायचे. पण त्याच वर्गात एक 'बोकड' होता, एक 'अर्धी पोळी' होता, आणि 'चाळण' म्हटल्याचा त्याला कधी फारसा राग आल्याचं आठवत नव्हतं. उलट फळ्यावर कुणीतरी चाळणीचं चित्र काढलं तेव्हा तोच सगळ्यांत मोठ्यानं हसला होता. आता दुपारी तपासणीच्या खोलीतला दिवा मालवून बसला की ते हसणं त्याला ऐकू यायचं. आपण का हसलो होतो? थोरल्या बहिणीला त्यानं फोन केला. "ताई, माझ्या तोंडावर तेव्हा खड्डे राहिले होते का गं?" ताई म्हणाली, "कुठले खड्डे? तुझं तोंड आईसारखं, तुकतुकीत. काय झालंय तुला?" तो म्हणाला, काही नाही, सहज. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणजे तेव्हा ती लग्न होऊन गेली होती. तिला काय माहीत असणार, असं त्यानं फोन ठेवल्यावर ठरवलं.

बायकोला त्यानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती हसली. "शेहेचाळिसाव्या वर्षी गाल बघायला लागलात? कोण आलीय नवी दुकानात?" त्या वेळी तोही हसला. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा तिनं बघितलं आणि म्हणाली, काही नाही. तिसऱ्या दिवशी तो तिला खिडकीपाशी घेऊन गेला. मग ते रोजचंच झालं. "इथे बघ. दिसतंय का?" "नाही." "नीट बघ." "बघितलं." "उजेड तुझ्या मागून येतोय, इकडे ये." ती एका शाळेच्या कचेरीत होती, सकाळी साडेसातला घर सोडायची, आणि चपला घालता घालता, केसांना पिन लावता लावता, दाराला कडी घालता घालता तिला हे उत्तर द्यावं लागायचं. ती 'नाही' म्हणाली की त्याला अगदी खरं बरं वाटायचं. छातीवरचं ओझं कुणी उचलून घ्यावं तसं. पण ते जिना उतरेपर्यंत टिकायचं. खालच्या मजल्यावर पोचता पोचता त्याला वाटायचं, ती घाईत होती. किंवा, तिनं 'नाही' म्हणायच्या आधी जरा वेळ घेतला. रागावून 'नाही हो' म्हणाली तर वाटायचं, रागावली म्हणजे काहीतरी आहेच. प्रेमानं म्हणाली तर वाटायचं, कीव करते. 'नाही' हा एकच शब्द आणि त्याच्या इतक्या जाती असतात, हे त्याला या वर्षी कळलं.

कामातही हे शिरलं. काच बसवायच्या आधी दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजावं लागतं. पट्टी गिऱ्हाइकाच्या नाकावर धरायची, वीतभर अंतरावर समोर बसायचं, आणि सांगायचं, आता माझ्या डाव्या डोळ्यात बघा, आता उजव्या. डाव्या डोळ्याच्या खालीच तर ते होतं. गिऱ्हाइकाची नजर डोळ्यावर येण्याआधी क्षणभर खाली थांबते, असं त्याला दिसू लागलं. मग त्यानं पट्टी घाईनं धरायला सुरुवात केली. स्वतःची फ्रेम बदलली. महिन्याभरात तीनदा, दर वेळी जास्त जाड, जास्त मोठी, खालची कड गालावर टेकेल अशी. एक निवृत्त बाई नवा चष्मा घेऊन परत आल्या. म्हणाल्या, जिना उतरताना पायरी वर येते, काल पडता पडता वाचले. मालकांनी मोजून बघितलं. अंतर चार मिलिमीटरनं चुकलं होतं. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. बाई पडल्या असत्या, कंबर मोडली असती, हे सगळं त्याला कळलं, लाजही वाटली, आणि ती लाज वाटत असतानाच बाई त्याच्याकडे बघत होत्या तर त्यानं तोंड उजवीकडे वळवलं. संध्याकाळी त्यानं मालकांना विचारलं, मला आतल्या खोलीत काम द्याल का, काचा घासायचं. मालक बघतच राहिले. "अहो, तुम्ही म्हणजे या दुकानाचा चेहरा," ते म्हणाले. त्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "म्हणजे?" त्यानं विचारलं. मालकांना त्या 'म्हणजे'चा अर्थ लागला नाही. त्यांनी त्याला आत काम दिलं.

लेक बारा वर्षांची. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं पुठ्ठ्याचा पेरिस्कोप केला होता. त्यातले दोन आरसे त्यानंच दुकानातून कापून आणून दिले होते, तेही हात लांब धरून, त्यात न बघता. शनिवारी दुपारी आईबापांनी यायचं होतं. आईला त्या दिवशी कचेरीत सुट्टी मिळणार नव्हती, तेव्हा बाबा येणार हे ठरलं होतं. तो निघाला. वेळेवर निघाला, इस्त्रीचा शर्ट घालून. शाळेच्या फाटकाबाहेर गाड्या उभ्या होत्या आणि त्यातल्या एका काळ्या काचेत तो स्वतःला दिसला. एकदाच बघायचं, मग आत जायचं, असं त्यानं ठरवलं. दुसऱ्या गाडीची काच जरा वेगळी होती. तिसरीत चेहरा लांबट दिसत होता पण गाल बरा होता. परत पहिल्या गाडीकडे आला. फाटकातून लोक हसत बोलत आत जात होते, कुणाच्या तरी हातात पाण्याची बाटली, कुणाच्या कडेवर धाकटं पोर. पाय उचलायचा, टाकायचा, एवढंच तर होतं. तो पाऊण तास त्या गाड्यांमधून फिरत राहिला. शेवटी गाडीचा मालक आला आणि त्यानं संशयानं विचारलं, "काय हवंय?" तो म्हणाला, काही नाही, आणि घरी आला. लेक पाच वाजता आली. पेरिस्कोप तिनं कपाटावर ठेवला, हातपाय धुतले, आणि म्हणाली, "शिपाईकाकांनी बघितला माझा." मग थोड्या वेळानं, पाठ करूनच, "बाबा, तुला माझी लाज वाटते का?" तुझी नाही, माझी, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण मग ती विचारणार, का? आणि ती वळून त्याच्याकडे बघणार. "डोकं दुखत होतं गं," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात त्यानं चिमटा वापरला. नाकपट्ट्या वाकवायचा, टोकदार, पोलादी. कामाच्या खोलीचं दार लोटून, भिंगाखाली, फक्त ते जाड कातडीचं टोक काढायचं होतं, म्हणजे बाकीचं सपाट होईल. पंधरा मिनिटांत रुमाल भिजला. दुखत होतं, पण दुखण्यात एक शांतपणा होता, निदान काहीतरी चाललंय असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी गाल सुजला, पू धरला, आणि बायको त्याला हाताला धरून कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्यांनी जखम पुसली, दिवा जवळ घेतला, मग दूर नेला, उजवा गाल बघितला, परत डावा. "ही जखम तुम्ही केलीत," त्या म्हणाल्या. "ही भरेल. वण राहील थोडा."

"तिच्या खाली होतं ते?"

"खाली काही नव्हतं. आजूबाजूची कातडी चांगली आहे. मी चाळीस वर्षं हेच बघतेय." मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "दिवसातला किती वेळ आरशापुढे जातो?"

"थोडा," तो म्हणाला.

"अहो, खरं सांगा," बायको म्हणाली. तिनंच सांगितलं, "चार-पाच तास. जास्तच. मला विचारण्यात जातो तो वेगळा."

डॉक्टरीणबाईंना याचं नवल वाटलं नाही. त्या सावकाश बोलल्या. म्हणाल्या, हा आजार आहे, याला नाव आहे, आणि माझ्याकडे कातडी दाखवायला येणाऱ्यांत तुमच्यासारखे बरेच असतात. कुणाला नाक दिसतं, कुणाला केस, कुणाला रंध्रं. मी मलम दिलं तर तुम्ही महिन्यानं दुसरी जागा घेऊन याल. यावर औषध आहे, बोलून करायचे उपचार आहेत, पण ते माझ्याकडे नाहीत. त्यांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहिली. "तुम्हाला वेड लागलंय असं मी म्हणत नाही. तुम्हाला त्रास होतोय तो खरा आहे. फक्त तो गालात नाही." बायकोनं चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि तिचे डोळे भरून आले, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिला कळेल असं काही बोललं होतं. त्यालाही ते कळलं होतं. शब्द न् शब्द कळला होता. जिन्यावरून उतरताना तो त्यातल्या एकाच शब्दापाशी अडकला होता. बाई म्हणाल्या, 'चांगली आहे'. निरोगी म्हणाल्या नाहीत.

चिठ्ठीवरच्या डॉक्टरांकडे तो गेला, नाही असं नाही. पण तिथल्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या, आणि समोर एक तरुण बसला होता जो नखं खात त्याच्याकडे बघत होता, किंवा त्याच्यामागच्या भिंतीकडे बघत होता. दहा मिनिटांनी तो पाणी पिऊन येतो म्हणून उठला. घरी सांगितलं, डॉक्टर नव्हते. बायकोनं फोन करून विचारलं तेव्हा खरं कळलं. तिनं भांडण केलं नाही. पुढची वेळ घेतली, पंधरा दिवसांनंतरची, मीही येते म्हणाली. तोपर्यंत न्हाणीघरातला आरसा तिनं काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला. तो दाढी चाचपडत करू लागला, आणि चमचा, किटलीचं पोट, लेकीच्या कंपासपेटीचं झाकण, बंद टीव्ही, घरात किती आरसे असतात ते मोजायला लागला.

रविवारी सकाळी बायको स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलत होती. लेक मैत्रिणीकडे गेली होती. गालावर आता मसुरीएवढी खपली होती आणि खपलीच्या कडेनं ते जुनं परत वर येतंय असं त्याला उठल्यापासून वाटत होतं. तो दारात येऊन उभा राहिला. चहाच्या आधी दोनदा विचारून झालं होतं, चहानंतर एकदा. "अगं," तो म्हणाला, "खपलीचं नाही म्हणत. तिच्या बाजूला. दिसतंय का?"

तिनं मान वर केली, बघितलं, आणि म्हणाली, "हो. दिसतंय."

तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. एखाद्यानं बराच वेळ धरून ठेवलेलं दार सोडून द्यावं तसं ती म्हणाली, आणि खाली बघून शेंग उचलली. त्याला आधी कळलंच नाही. मग पाय एकदम हलके झाले. तो तिच्याशेजारी फरशीवर बसला. "मी म्हणत होतो ना," तो म्हणाला. "आठ महिने म्हणतोय मी." कुणीतरी त्याच्या बाजूला आलं होतं. त्यानं मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सोलायला लागला, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा भलत्याच गोष्टी बोलायला लागला. लेकीचे बूट लहान झालेत, नवे घ्यायला हवेत. ताईला एकदा बोलवू. मालकांच्या दम्याला कुणीतरी सांगितलेला काढा. बायको हूं हूं करत होती. एक शेंग तिनं फोडली आणि आतले दाणे बघायला हात लांब नेला. चांगला हातभर लांब. डोळे बारीक केले, मान मागे घेतली, आणि दाणे पातेल्यात टाकले. दुसऱ्या शेंगेला तसंच.

त्याचे हात थांबले. हे तो झोपेतही ओळखू शकला असता. दिवसाला दहा माणसं असाच वर्तमानपत्राचा कागद लांब धरत दुकानात यायची. बायकोला चाळिशी लागली होती. ती त्रेचाळीस वर्षांची, वेळच होती ती. किती दिवस झाले असतील? कचेरीत दिवसभर कागद, संध्याकाळी डोकं धरून बसायची, आणि तो शेजारी बसून गाल पुढे करायचा. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ओठ फुटले होते. भांगातले केस केव्हा पांढरे झाले? जन्मभर दुसऱ्यांचे डोळे तपासले आणि घरातल्या या दोन डोळ्यांकडे बघितलं नाही, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला खरंच भडभडून आलं. तिच्या हातातली शेंग काढून घ्यावी, अगं, तुला दिसत नाहीये, मला सांगायचं नाही का, असं म्हणावं. ते वाक्य अगदी जिभेवर होतं. आणि त्याच्या मागून दुसरं आलं, आणि पहिल्याला ढकलून पुढे झालं. हिला जवळचं दिसत नाहीये. म्हणजे आठ महिने ही जे 'नाही' म्हणाली, ते न दिसताच म्हणाली. आणि आत्ताचं 'हो'?

तो उठला. दुकानाच्या पिशवीत दुरुस्तीला आणलेला वाचायचा चष्मा होता, सव्वा नंबरचा, कुणाचा तरी. काड्या सरळ करून त्यानं तो रुमालानं पुसला आणि तिच्यापुढे बसून, दोन्ही हातांनी, वीस वर्षांच्या सवयीनं, कानाला जराही न घासता तिला घातला. त्याचे हात इतके हळुवार होते की तिनं काही न विचारता डोळे मिटून घालू दिला. उघडले तेव्हा ती आधी तिच्या ओंजळीकडेच बघत होती. "अगंबाई," ती म्हणाली, "यात अळी आहे." मग पातेल्यात बघितलं, सोललेल्या दाण्यांत बोट फिरवलं. "किती छान दिसतंय हो," ती म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी तिच्या तोंडावर काहीतरी उमटलं, "मला वाटायचं दिवाच कमी झालाय." ती त्याच्याकडे वळली. त्यानं तिच्यासाठी काहीतरी केलं होतं, म्हणून ती वळली होती, हे त्याला समजलं.

त्यानं गाल तिच्यापुढे आणला. खिडकीकडे केला. "आता बघ," तो म्हणाला. "आता खरं सांग."

काचेमागे तिचे डोळे मोठे झाले होते. ती बघत राहिली. गालाकडे नाही, सगळ्याच्या सगळ्या त्याच्याकडे. मग काचा खालून धूसर होत गेल्या. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, एक काडी मिटली, दुसरी मिटली, आणि तो टरफलांच्या ढिगाशेजारी फरशीवर ठेवून दिला.

"घाल ना," तो म्हणाला.